फायकसची छाटणी आणि माझं बोट

मंडळी, आज दुपारी ह्यांनी आमच्या हॉलमधल्या कुंडीतल्या फायकसची छाटणी केली.

पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये दिवसभर कामगारांवर ओरडणारे हे, प्रत्येक फांदी कापण्याआधी तिला कुरवाळत होते. पांढरा चीक गळू लागला, तर तो स्वतःच्या रुमालाने टिपत ह्यांनी विचारलं, "दुखलं का गं?"

काल भाजी चिरताना माझं बोट कापलं, तेव्हा पेपरातून मान वर न काढता म्हणाले होते, "हळद लाव."

मी म्हटलं, "मग तिलाही लावा की हळद."

"तिला बिचारीला बोलता येत नाही."

छाटलेल्या दोन फांद्या आता माझ्या चहाच्या कपात मुळं फुटायची वाट बघतायत. एक सवत होती, आणखी दोन येणार.

उद्यापासून मीही गप्प राहून बघू का?