आडावर सरकवलेला खडा

हे मी आजपस्तोर कोनाला सांगितलं न्हाई. मालक कवाच गेले, त्यांला सांगायचा सवालच न्हाई. लेकाला न्हाई, सुनंला न्हाई. देवापुढं बसले तरी तितं मी दुसरंच कायबाय बोलून उठते.

त्या दिवशी शाळंच्या मैदानात कोन कोन व्हतं ते आधी सांगते. सरपंच शोभाबाई व्हती. ग्रामसेवक व्हते. शाळंचे गुरुजी व्हते. अंगणवाडीची मंगल व्हती. जिंतूरहून आलेली एक ताई व्हती, खांद्याला पिशवी, कवळी पोरगी. शाळंची समदी लेकरं व्हती, त्यात माझी नात आशी. आन मी व्हते — पंचायतीची मेंबर. बाईची जागा निघाली तवा मला उभं केलं, कारन मी कोनाच्या अध्यात न्हाई आन मध्यात न्हाई. लेकरांसाठी कमिटी झाली, त्यातबी माझंच नाव घातलं. म्हातारं मानूस हाय, लेकरांची मया असंल म्हनून.

मी शाळा दुसरीपस्तोर केली. जसं बोलते तसंच लिहायले. चुकलं तर चुकलं.

बोरीच्या अंगाला आमचं गाव. दसरा झाला की निम्मं गाव ऊस तोडायला जातं. माझा दत्ता आन सून सुरेखा बी जातेत. आधी लेकरं संगंच जायची, फडात कोपी करून राहायची, शाळा बुडायची. मंग पंचायतीनं ठरीवलं की लेकरं गावातच ठिवायची. आज्या हैत, चुलत्या हैत, त्यांच्यापाशी. दुपारचं जेवन शाळंत, सकाळचं-सांजचं आज्जीनं बघायचं. हे सांगायला मीच दारोदार फिरले. "आगं, ठिवा लेकराला. शिकू द्या. म्हाताऱ्या काय मेल्यात का?" — असं मी म्हनले. माझ्या म्हनन्यावर लय जनींनी लेकरं ठिवली. सुरेखानंबी आशीला ठिवलं. धाकटं अंगावरचं व्हतं, त्याला घेऊन गेली.

तर त्या दिवसाचं. ती ताई म्हनली, पंचायतीचा लेकरांसाठीचा आराखडा करायचाय, पन तो मोठ्यांनी न्हाई, लेकरांनी सांगायचा. लेकरांनी मैदानावर रांगोळीनं गाव काढलं. शाळा, मारुती, दवाखाना, आड, वड्याचा पूल, घरं — घराला एक एक चौकोन. लय झ्याक काढलं. मंग ताईनं खडे वाटले. काय खड्यांला हळद लावलेली, काय खड्यांला गेरू. "जिथं बरं वाटतं तिथं पिवळा ठेवा. जिथं भेव वाटतं तिथं लाल. खरं ठेवा हं. कुणी रागावणार नाही."

कुणी रागावणार न्हाई — तिला काय म्हाईत?

लेकरं गर्दी करून खडे ठिवायली. आडावर लाल खडे लय पडले. आमचा आड उघडाच व्हता, कठडा ढासळलेला. एका पोरानं सरपंचाच्याच घरावर लाल खडा नेऊन ठिवला. गुरुजी दटावायले, "ए, तिथं काय?" पोरगं म्हनलं, "बाईचं कुत्रं अंगावर येतंय." शोभाबाई पोट धरून हासली. "आरं, ते मलाबी चावलंय! ठिव आजून एक, माझ्या नावानं ठिव!" समदी हासायली. ग्रामसेवक हासले, मंगल हासली, ताईबी. समद्यांची तोंडं तिकडं.

त्या हासन्यात आशी गुमान गेली. आमचा चौकोन पार कडंला. तिनं तितं लाल खडा ठिवला. चौकोनाच्या मधी न्हाई — मागच्या कोपऱ्यात. नीट बघून, बोटानं जरा सरकवून, बरूबर मागच्या खोलीवर.

मी बघितलं.

तुमी म्हनाल, मंग काय झालं? लेकराचा खडा हाय, आसंल कायतरी. पाल आसंल, उंदीर आसंल. मीबी ताईला तसंच सांगू शकले असते. पन मला म्हाईत व्हतं ना त्या खोलीत काय हाय ते.

मी वाकले. रांगोळी इस्कटली म्हनून नीट करायले असं दाखवलं. खडा मुठीत घेतला. चार पावलं गेले आन आडावरच्या खड्यांत ठिवून दिला. ताई लांबून म्हनली, "आजी, काय करताय?" मी म्हनले, "काय न्हाई बाई, रांगोळी पुसली व्हती." ती म्हनली, "राहू द्या, लेकरांनी काढलीय तशीच राहू द्या." मी म्हनले, बरं.

आशी तितंच उभी व्हती. तिनं माझ्या हाताकडं बघितलं, मंग आडाकडं बघितलं. दुसरा पिवळा खडा तिच्या मुठीत तसाच व्हता, तो तिनं कुठंच ठिवला न्हाई.

आता खोलीचं सांगते. सांगायचं तेच हाय, मी उगंच मैदानात फिरायले.

आमच्या मागच्या खोलीत घरच्या रानातला कापूस भरून ठिवतेत. येचनी झाली की भाव यायची वाट बघत कापूस घरातच पडतो. खाली दाबून, वर दाबून, आढ्याला लागंपस्तोर. मधी दाराजवळ मानूस उभं राहील येवढी जागा. खिडकी न्हाई. त्या खोलीत गेलं की कानात बोटं घातल्यावानी व्हतं. आवाज जिरतो समदा.

आशी सांजच्याला रडायची. दिवसा बरी ऱ्हायची, शाळंत जायची, खेळायची. दिवेलागनीला सुरू. "मायकडं जायचं, मायकडं जायचं." मी दिवसभर लोकाच्या रानात कापूस येचून यायची, कंबर धरलेली, बोटांला बोंडाची टोकं लागून चिरा पडलेल्या. चूल पेटवायची, भाकरी टाकायची, आन ही रडायलीय. पहिले धा-पाच दिवस मी समजावलं. गूळ दिला. मंग एक दिवस मी तिला दंडाला धरून नेलं आन त्या खोलीत ढकललं. भाईरून कडी लावली.

आवाज बंद झाला. एकदम.

मी चुलीपाशी बसले आन भाकरी खाल्ली. गरम भाकरी, ठेचा. कोन रडायलं न्हाई, कोन काय मागायलं न्हाई. मला बरं वाटलं. हेच ते. हेच मी कोनाला सांगितलं न्हाई. दुसऱ्या बाया म्हनतेत, रागात हात उठला, डोस्कं फिरलं. माझं डोस्कं फिरलं नव्हतं. मला राग नव्हता आलेला. ते गप्प बसनं मला आवडलं. लगीन झाल्यापासून तशी शांत भाकरी मी खाल्ली नव्हती.

मंग ते रोजचंच झालं. रडायला लागली की खोली. काय दिवस तर रडायच्या आधीच. मी कामावरून आले की ती माझ्या तोंडाकडं बघायची, आन मी मुंडीनं इशारा करायची, आन ती आपली आपन जाऊन उभी ऱ्हायची. कडी लावायचं काम येवढं माझं.

कापसात किडा असतो, आंगाला खाज सुटती. तिच्या मानंवर, पोटावर लाल पुरळ उठला. अंगणवाडीच्या मंगलनं इचारलं, "काकू, लेकराच्या आंगावर हे काय?" मी म्हनले घामुळ्या. ती म्हनली, "थंडीत कुठल्या घामुळ्या वो?" मी म्हनले, रानात येते ना संगं, कापसाची खाज आसंल. मंगलनं मलम दिलं. मी लावलं. सकाळी लावायची, सांजच्याला परत कोंडायची. मंगलला का नसंल कळलं? मी मेंबर व्हते ना. लेकरांच्या कमिटीतली. माझ्या घरात कोन वाकून बघनार?

म्हनून तो खडा मी हालवला. आता तुमाला कळलं.

पन खडा हालवला येवढंच आसतं तर मी हे लिहिलंबी नसतं.

त्या दिवशी मैदानावरून आमी दोघी घरी आलो. वाटंनं ती माझ्या मागं मागं. घरात आल्यावर मी इचारलं, "कामून ठिवलास तितं?" ती म्हनली, "ताई म्हनली खरं ठिवा."

ती रडायली नव्हती. त्या दिवशी ती रडलीच नव्हती. कोंडायला काय कारन नव्हतं, आवाज नव्हता, काय नव्हतं. मी तिला त्या बोलन्यासाठी कोंडलं. खरं ठिवलं म्हनून. आन लय येळ कोंडलं. कडी काढली तवा ती कापसाला पाठ लावून बसली व्हती, डोळे उघडे, केसांत सरकी. मी म्हनले, "ये, जेव." ती आली, जेवली. त्यानंतर ती सांजच्याला कवाच रडली न्हाई. शेजारीन म्हनायची, "रुळली बघा काकू, तुमच्या हाताखाली." मी म्हनायची, हो, रुळली.

आराखडा झाला. ग्रामसभेत वाचला. आडाला समद्यात जास्ती लाल खडे म्हनून आडाचं काम पहिलं घेतलं. कठडा बांधला, वर जाळी बसली. ताईनं माझं नाव घेऊन सांगितलं की आजी लेकरांसाठी घरोघर फिरल्या, आजींसारखी मानसं गावोगाव पाह्यजेत. शोभाबाईनं नारळ माझ्या हातात दिला. मी फोडला. लेकरांनी टाळ्या वाजवल्या. आशी समोरच बसली व्हती, तिनंबी वाजवल्या.

पुढल्या दसऱ्याला ट्रक आला. सुरेखा भांडी बांधायली, दत्ता कोपीचं सामान चढवायला. आशी धाकट्याला कडेवर घेऊन आधीच ट्रकात चढून बसली. दत्ता म्हनला, "ए, उतर. शाळा हाय तुझी." ती उतरंना. "मी येते. मी बाळ सांभाळते." दत्तानं एक ठिवून दिली कानाखाली. "आमी हाडं मोडून घेतो ते कोनासाठी गं?" ती बापाकडं बघायली नव्हती. माझ्याकडं बघायली व्हती. सुरेखा म्हनली, "आत्याबाई, तुमी तरी सांगा वो हिला. तुमचं ऐकती ती."

माझं ऐकती.

मी म्हनले, "जाऊ दे. लेकराला मायचा लळा हाय."

ट्रक गेला. मी घरात आले, भाकरी टाकली. त्या वर्षीबी मागच्या खोलीत कापूस व्हता.

आशी त्यानंतर शाळंत गेली न्हाई. आली तरी दोन म्हैने, परत फडात. आता थोराड झालीय, मायबापाबरूबर मोळ्या बांधती. पंचायतीत दर वर्षी शाळा सुटलेल्या लेकरांची नावं वाचतेत, त्यात तिचं नाव येतं. कारन म्हनून वाचतेत — आईबाप ऊसतोडीला नेतेत. बाया सुरेखाला बोलतेत. "सोन्यावानी आज्जी व्हती सांभाळायला, तरी पोरीला कोयत्याला लावलं." सुरेखा खाली मान घालून ऐकती. मी शेजारी बसलेली आसते. एकदा तर मीबी म्हनले, "आता काय बोलून उपेग." मला वाटलं मी तिची बाजू घेतली. घेतली का?

दत्ता आजूनबी तिला म्हनतो, "तुलाच शिकायचं नव्हतं." ती काय म्हनत न्हाई. येवढं लेकरू आन येवढं पोटात. माझ्यासाठी ठिवलंय का मला भ्याती म्हनून ठिवलंय, ते मी इचारलं न्हाई.

ती घरी आली की अंगनात बाज टाकून निजती. पावसात ओसरीला येती. मधल्या घराच्या पुढं जात न्हाई. मला जेवायला वाढती, पाय दुखले तर दाबती. मी तिला काय म्हनले न्हाई. म्हनायला तोंड न्हाई असं न्हाई, तोंड हाय. दोघीच आसतो कवा कवा, येळबी आसतो. म्हनले न्हाई.

माफीसाठी लिहायले न्हाई. कुनी देऊ नका.

आता मी मेंबर न्हाई. शोभाबाईबी सरपंच न्हाई. पन गावात परत लेकरांचा आराखडा करायचाय म्हनतेत, परत रांगोळी, परत खडे. तुमच्याबी गावात करतील. वाचनाऱ्याला माझं येवढंच सांगनं. लेकरं खडे ठिवायली की आमच्यासारख्या मोठ्या मान्सांला मैदानाच्या भाईर बसवा. आन ज्या लेकरानं घरावर लाल खडा ठिवला, त्याच्या घरी कोनीतरी जा. आराखडा व्हायची वाट बघू नका. त्याच दिवशी जा, सांजच्याला.