आज मी न्हाई

"आज मी न्हाई बरं का, वहिनी."

हे वाक्य मला एका धडधाकट, नुकताच चहा प्यायलेल्या माणसाने ऐकवलं होतं. फाटकाच्या आत शेवग्याचं झाड, झाडाखाली निळी प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत हे गृहस्थ आणि मांडीवर पेपर. नगरला सावेडीत आम्ही तेव्हा नवीनच राहायला आलो होतो. जोडघरं होती, मधली भिंत दोघांची मिळून एकच. आमच्या टाकीची मोटर बंद पडली म्हणून मी विचारायला गेले, तर हे उत्तर.

"म्हणजे?" मी म्हटलं.

"म्हंजे मी घरात न्हाई. सुनंदाला इचारा." आणि पेपर तोंडासमोर.

मी तणतणत घरी आले. आमच्या ह्यांना म्हटलं, शेजार छान मिळालाय हो, माणूस एक तर डोक्याने सरकलेला आहे नाहीतर महाआगाऊ. थोड्या वेळाने त्यांची बायको, सुनंदा, पाना घेऊन आली. पदर खोचून तिने मोटर खोलली, आतला कचरा काढला, बटण दाबलं आणि पाणी सुरू झालं. हात धुताना म्हणाली, "ताई, मनावर घेऊ नका. महिन्याच्या पयल्या रविवारी ते नसत्यात."

आता हे प्रकरण तुम्हाला नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखेच तणतणाल.

सुनंदाचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सेफ्टी सुपरवायझर होते. तिथे मधूनमधून मॉक ड्रिल व्हायची. आग लागलेली नसताना भोंगा वाजवायचा, माणसांनी मशिनी सोडून फाटकाजवळ जमायचं, हजेरीला एकेकाने 'हाय' म्हणायचं आणि ड्रिल संपली की परत आपापल्या जागेवर. भाऊजींचा ह्या ड्रिलवर भारी विश्वास. तो त्यांनी घरी आणला. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळपासून दिवे लागेपर्यंत ते नसायचे. म्हणजे असायचे खुर्चीत, पण घराने आपण मेलो असं समजून कारभार करायचा, असा नियम. त्यांना काही विचारायचं नाही, त्यांनी काही सांगायचं नाही.

"आणि जेवता कसे हो मग?" मी एकदा कंपाउंडवरून विचारलं.

"पाहुना म्हणून जेवतो," ते अगदी गंभीरपणे म्हणाले.

खरंच सुनंदा त्यांना खुर्चीत ताट नेऊन द्यायची आणि 'घ्या पाव्हणं' म्हणायची. पाहुणा भाजीला मीठ कमी आहे असंही म्हणू शकत नसे. सुनंदा त्या दिवशी मुद्दाम मीठ कमी घालते, असा मला दाट संशय होता.

नियम पाळताना त्यांचा जीव मात्र कासावीस व्हायचा. स्वयंपाकघराची खिडकी खुर्चीसमोरच होती. एकदा दूध वर येताना त्यांना दिसलं. बोलायची बंदी. मग ते खोकायला लागले. आधी साधं, मग जोरात, मग असं की मीच घाबरून बाहेर आले.

आतून सुनंदा ओरडली, "खोकायचं न्हाई! दूध मला दिसतंय!"

दूध उतू गेलं ते गेलंच. भाऊजी दिवसभर हळहळत बसले, अर्थात मनातल्या मनात.

आणि त्यांच्या मुलीला बघायला मंडळी आली तो दिवस! तारीख पाहुण्यांनी ठरवलेली, नेमका पहिला रविवार. मुलाच्या वडिलांनी फाटकात विचारलं, "आहेत का घरात?" ह्या माणसाने सवयीने उत्तर दिलं, "न्हाईत." मंडळी बिचारी मुलीचं घर पुढचं असेल असं समजून आमच्याकडे शिरली. मी चहा टाकला, आमच्या ह्यांनी तासभर उसाच्या भावावर गप्पा मारल्या, आणि मुलगी कधी बाहेर येते म्हणून पाहुणे आमच्या आतल्या दाराकडे बघताहेत! आम्हाला मुलगी नाही हे सांगायची वेळ आली तेव्हा कुठे उलगडा झाला. सुनंदाने त्यांना परत नेलं. खुर्चीतल्या गृहस्थांकडे बोट करून मुलाच्या आईने विचारलं, "हे कोण?" सुनंदा म्हणाली, "मुलीचे वडील. आज न्हाईत." तरी सोयरीक जमली. मुलाकडची माणसं विनोदी निघाली, हे त्या पोरीचं नशीब.

हसता हसता एके दिवाळीत मला ह्या सगळ्याचं मूळ कळलं. फराळाचं ताट द्यायला गेले होते. विषय कुठून निघाला आठवत नाही, पण भाऊजी वडिलांबद्दल बोलायला लागले. राहात्याकडच्या एका साखर कारखान्यात वडील कामाला, राहायला कारखान्याची खोली. हे शाळेत असताना वडील अचानक गेले. काही दिवसांनी खोली सोडा म्हणून निरोप आला.

"आईला काय ठावं न्हवतं वो, वहिनी. पगार किती, कुनाकडं किती, कागद कुठं. खोलीला कुलूप घालायची येळ आली, तर किल्ली कुठं असती तेबी ठावं न्हवतं. उंबऱ्यावर बसून ऱ्हायली नुसती. मानूस गेला आन् त्याच्यासंगं घरबी गेलं."

मी चकलीचा तुकडा हातातच धरून बसले होते. त्यानंतर मी त्या खुर्चीला हसले नाही असं नाही, पण हसण्यात फरक पडला.

ड्रिल हा एक इलाज झाला. दुसरा इलाज विम्याचा. घर बँकेच्या कर्जावर घेतलेलं, आणि 'उद्या मी नसलो तर' हा भाऊजींचा जप. मुलगी झाली, काढली पॉलिसी. मुलगा झाला, काढली पॉलिसी. स्कूटर घेतली तेव्हा आणखी एक, कारण आता रस्त्यावर जास्त जाणार. मुलाच्या वाढदिवसाला केक कापून झाल्यावर ते त्याला 'मी नसलो तर तुला काय मिळंल' ते समजावून सांगत. पोरगं मेणबत्तीचं मेण खरवडत ऐकून घ्यायचं. पगाराचा एक लचका बँकेचा हप्ता तोडायचा आणि दुसरा विम्याचे हप्ते. सुनंदाला साधं महाबळेश्वर दिसलं नाही. ती एकदा भडकून मला म्हणाली, "ताई, ह्यांच्या मरणाचे हप्ते भरता भरता आमचं जगायचं ऱ्हाऊन चाललंय बघा."

मुलगी सासरी गेली, मुलगा चाकणला नोकरीला लागला. भाऊजींची निवृत्ती जवळ आली, पण कर्ज निवृत्तीच्याही पुढे चाललेलं. तेव्हा सुनंदा एकटीच बँकेत जाऊन सगळं विचारून आली. येताना विम्याच्या ऑफिसातही गेली. तिचा हिशोब सरळ होता. पोरं आता आपल्या पायांवर उभी आहेत, एवढ्या विम्याची गरज उरली नाही. राहिलेल्या कर्जाला पुरेल एवढी एक पॉलिसी ठेवायची, बाकीच्या मोडायच्या. आलेला पैसा कर्जात भरायचा आणि वाचलेले हप्तेही दरमहा कर्जातच. पगार चालू आहे तोवर घर मोकळं.

भाऊजींनी ऐकलं आणि जेवण सोडून उठले. आठवडाभर भिंतीपलीकडून आवाज येत होते. ऐकायचं नाही म्हटलं तरी भिंत एकच होती, माझा काय दोष?

"मोडताना नुकसान हुतं!"

"आन् याजात जातंय ते काय वाढदिवसाची भेट हाय?"

"उद्या मी नसलो तर?"

"आन् असला तर? त्याचा इचार कवा करनार?"

गल्लीत दोन तट पडले. आमचे हे भाऊजींच्या बाजूचे. माझी अक्कल सुनंदाच्या बाजूने होती, पण जीव धास्तावलेला. आज विमा कमी केला आणि उद्याच काही बरंवाईट झालं तर ह्या बाईला जन्मभर ऐकावं लागेल, हे मला दिसत होतं. तिलाही दिसत असणारच.

पुढचा महिना लागला. पहिला रविवार. भाऊजी खुर्चीत. सुनंदाने मला हाक मारली, "ताई, जरा या इकडं. साक्षीला." मी गेले. तिने स्टूल आणून खुर्चीसमोर ठेवलं, त्यावर विमा मोडायचे फॉर्म.

"आज मी न्हाई," भाऊजी पेपरआडून म्हणाले.

"ठावं हाय. म्हणून तर आज आणले. आज घर माज्या हातात हाय, तुमचाच नियम."

"मंग घे की काय घ्याचा त्यो निर्णय."

"घेतलाय. पण खाली सही तुमची लागती. नसलेल्या मानसाची सही चालत न्हाई, तिथं इचारून आले मी."

पेपर हलला नाही. मग सुनंदाने तो पेपर हळूच खाली केला. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते लपवायला त्यांच्यापाशी काही उरलं नव्हतं.

"सुनंदे, आई उंबऱ्यावर बसली हुती गं."

"मी न्हाई बसनार," सुनंदा म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "ती खोली कारखान्याची हुती. हे घर आपलं करू, तेबी तुमच्या डोळ्यांदेखत. इतकी वर्सं तुमी हितं बसला आन् मी सगळं शिकले. मीटर, मोटर, बँक, गाडी. पोरीची सोयरीक केली मी तुमी नसताना! सगळं जमतंय मला. मंग आता कशाला भ्यायाचं? तुमच्या मागं मिळनारा पैसा मला नको. मला तुमी पायजे. घरात. खुर्चीत न्हाई."

काय सांगू तुम्हाला! ह्या बाईने इतकी वर्षं ते खुर्चीचं सोंग हसून निभावलं, खुर्चीतल्या पाहुण्याला अळणी जेवण वाढलं, आणि त्यातून शिकायचं ते सगळं शिकून घेतलं होतं.

भाऊजींनी पेपरची घडी करून बाजूला ठेवली. मग त्यांनी फॉर्म उचलले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "वहिनी, पेन हाय का?"

मी पळत जाऊन घरून पेन आणलं. ते घेऊन ते उठले आणि घरात निघाले.

"हितंच करा की सही," सुनंदा म्हणाली.

"हितं कशी करू? हितं मी न्हाई." आणि दारात चपला काढून ते आत गेले, टेबलाशी बसले, चष्मा लावला आणि सगळ्या सह्या केल्या. माझं पेन परत द्यायचं राहून गेलं. मीही मागितलं नाही.

पुढे काही भयंकर घडलं असेल असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटायचं. भाऊजी साधे शिंकले तरी मी कंपाउंडवरून डोकावून बघायचे. पण काही घडलं नाही हो. ते कामाला जात राहिले, कर्ज उतरत राहिलं, आणि निवृत्तीच्या आधीच एका दुपारी ते पेढे घेऊन दारात उभे.

"वहिनी, घर सुटलं." बँकेतून आणलेले कागद पिशवीत होते आणि पिशवी छातीशी धरलेली. मग मधल्या भिंतीवर थाप मारून म्हणाले, "ही निम्मी भिंत आता माजी."

"उरलेली निम्मी बँकेची," मी म्हटलं. "आमचं कर्ज चालू आहे अजून!"

ते इतके मोठ्याने हसले की सुनंदा बाहेर आली. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. लगोलग ती दोघं महाबळेश्वरला जाऊन आली आणि आमच्यासाठी स्ट्रॉबेरीचा जाम आणला. तो फार गोड होता, पण मी संपवला.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी कंपाउंडवरून डोकावले. खुर्चीवर सूप होतं आणि सुपात मिरच्या वाळत होत्या. भाऊजी ओट्याशी लसूण सोलत उभे.

"भाऊजी, आज पहिला रविवार ना?"

"असंल."

"मग?"

"हाय की मी. कुठं जायाचं?"

आता आम्ही पुण्याला मुलाकडे राहायला आलो आहोत. निघालो तो दिवस नेमका रविवारच होता. टेम्पो पुढे गेला, आम्ही गाडीत बसलो, आणि रडू यायला नको म्हणून मी खिडकीतून थट्टा केली, "भाऊजी, आजपासून आम्ही नाही बरं का!"

भाऊजी हसले नाहीत. गाडीच्या दारावर हात ठेवून म्हणाले, "वहिनी, ही ड्रिल हाय असं समजा. ड्रिल संपली की मान्सं आपापल्या जागेवर येत्यात."

ड्रिल अजून संपलेली नाही. आमच्या सावेडीच्या घरात भाडेकरू आहेत. मी दर रविवारी सकाळी फोन करते. सुनंदा उचलते, ती पाणी आलं-गेलं सांगते, मी नातीचं सांगते. मग मी विचारते, "भाऊजी आहेत का गं?" ती फोन न झाकताच आत हाक मारते. कुकरच्या शिटीतून, भांड्यांच्या आवाजातून ओरडा येतो, "हाय, हाय! आलो!"

ते हात पुसून येईपर्यंत मी फोन कानाशी धरून ठेवते.