आबांची दोन दारं

केरूआबा गेल्याची बातमी मला इब्राहिमभाईंनी दिली. लोणावळा स्टेशनवरचे हे टांगेवाले. आबा माझ्याकडे यायचे ते नेहमी त्यांच्याच टांग्यातून. मी हिवतापाने अंथरुणाला खिळलेला, अंगावर दोन घोंगड्या, आणि इब्राहिमभाई दारातच उभे राहिले. एरवी हा माणूस सरळ माजघरापर्यंत येऊन पाणी मागणारा. "मास्तर," ते म्हणाले, "आबा न्हाईत आता. सकाळी कार्ल्याला गेलतो सवारी घिऊन, तर समदं गाव त्यांच्या दारात." मग म्हणाले, "आता तुमच्या उंबऱ्यावर थांबून इचारनार कोन?" तापाने डोकं भणभणत होतं, तरी ते काय म्हणताहेत ते मला पुरतं कळलं. वाचकांना कळायचं तर मला वीसेक वर्षं मागं जावं लागेल, आणि आजवर कुणाला सांगितलं नाही तेही सांगावं लागेल.

आबांची डोंगराच्या पायथ्याशी भातखाचरं होती, दावणीला आठ-दहा गुरं होती, आणि शिक्षण मराठी चौथी. मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात ते निवडून आले तेव्हा सगळ्यांत जास्त नवल त्यांनाच वाटलं. आठवड्याभरात ते माझ्या गवळीवाड्यातल्या बिऱ्हाडी हजर. मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवायचो, वय अठ्ठावीस, आणि आपल्याइतकं इंग्रजी घाटाच्या अलीकडे कुणाला येत नाही अशी माझी पक्की समजूत. "मास्तर," आबा म्हणाले, "तितं समदं विंग्रजीत चालतंय म्हनं. तुमी मला वाचून दावाल का? मत माझं मी देईन, पन कशाला देतोय ते तरी कळाया पायजे." त्या दिवसापासून प्रत्येक बैठकीआधीचा रविवार आबांचा ठरला. आंबेमोहर तांदळाची पिशवी माझ्या बायकोच्या हवाली करायची आणि पाटावर डोळे मिटून बसायचं. मला वाटायचं, झोपले. मी दोन पानं वाचून मराठीत सांगितली की एक डोळा उघडायचे... "थांबा. ह्याच्यात शेतकऱ्यानं अर्ज कुटं करायचा ते सांगितलंच न्हाई." आणि खरोखरच ते कलमात कुठं नसायचं. आता कबूल करतो, बिल मी वाचायचो आणि समजायचं ते आबांना.

पावसाळ्यात कौन्सिलची बैठक पुण्याला भरे. आबा कार्ल्याजवळच्या मळवली स्टेशनवर गाडीत बसायचे, डोक्यावर इरलं. छत्री घ्या म्हणून मी किती वेळा सांगितलं. "छत्रीला दोन हात लागत्यात मास्तर, एक धरायला आन एक इसरली की कपाळावर मारून घ्यायला," असं त्यांचं उत्तर. कौन्सिल हॉलच्या दाराशी सरदार-जहागीरदारांच्या काळ्या छत्र्या ओळीनं टांगलेल्या, आणि शेवटी भिंतीला टेकून आबांचं पानांचं इरलं, असं चित्र मी स्वतः एकदा पाहिलं आहे. शिपायाने ते बाहेर फेकलं तर आबांनी शांतपणे उचलून पुन्हा तिथंच ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून शिपाईच ते झटकून ठेवू लागला.

पण आबांची खरी करामत म्हणजे त्यांच्या ओटीची भिंत. निवडणुकीत मत होतं ते ठरावीक सारा भरणाऱ्यांना. बाकीचं मावळ बिनमताचं, आणि बहुतेक बिनअक्षराचं. आबांचं म्हणणं, मी तिथं काय करतो ते सगळ्यांना दिसलं पाहिजे, ज्याला मत नाही त्याला तर आधी. म्हणून त्यांनी चुन्याची भिंत राखून ठेवली. बैठकीहून आले की सगुणाकाकी, म्हणजे त्यांच्या घरच्या, तिथं चित्र काढायच्या: शाळेच्या बिलाला पाटी, दारूच्या बिलाला शिसा, पाटबंधाऱ्याला पाण्याच्या तीन लाटा. चित्रापुढं आबा स्वतः बोटानं पट्टा ओढायचे. गेरूचा पट्टा म्हणजे आबा ‘हो’ म्हणाले, कोळशाचा म्हणजे ‘नाही’ म्हणाले, आणि नुसतंच चित्र म्हणजे त्या दिवशी हजरच नव्हते. नुसती चित्रं दोनच होती. एकदा म्हैस व्याली होती आणि एकदा गाडी चुकली होती. बाजाराला जाणारी माणसं वाट वाकडी करून भिंत बघून जात. काकींचा हात रांगोळीचा, चित्रं अशी देखणी की मी तरी पहिल्यांदा मतांपेक्षा चित्रंच बघायचो.

त्यांच्या त्याच मुदतीत, एका पावसाळी बैठकीत, जंगलातल्या चराईची पट्टी वाढवायचं बिल आलं. घाटमाथ्याची रानं सरकारी जंगलात गेलेली, आणि सगळ्या मावळाची गुरं तिथंच चरणारी. पट्टी वाढली तर गोरगरिबांनी गुरं विकायची एवढंच उरलं असतं. एका सभासदाने दुरुस्ती सुचवली होती, की पट्टीवाढीचं कलम काढूनच टाका. मी कागद वाचला आणि मोठ्या थाटात सांगितलं, "दुरुस्ती आपल्या बाजूची आहे, आबा. तेव्हा ‘हो’च्या दाराने जायचं." कौन्सिलात मोजणी होते ती दारांवर. ‘हो’ म्हणणारे एका दाराने बाहेर जातात, ‘नाही’ म्हणणारे दुसऱ्या. एवढं मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे, की कुणी कलम काढा म्हटलं तरी अध्यक्ष विचारतात ते असं: हे कलम ठेवायचं का? ठेवा म्हणणाऱ्यांनी ‘हो’च्या दाराने जायचं, काढा म्हणणाऱ्यांनी ‘नाही’च्या. आबा माझ्या शब्दावर विसंबून ‘हो’च्या दाराने गेले. शेजारी बसणारे खानदेशचे एक सभासद हातवारे करून त्यांना दुसऱ्या दाराकडे बोलवत होते. आबा मला नंतर म्हणाले, "मला वाटलं, बिचारा फुटला. लय वाईट वाटलं मला त्याचं."

एका मतानं दुरुस्ती पडली असती तर ही गोष्ट अधिक रंगली असती. तसं नव्हतं. सरकार पक्ष बराच पुढं होता, आबांच्या मतानं काहीच फिरलं नसतं. पण छापील यादीत पट्टी हवी म्हणणाऱ्यांत सगळी सरकारी नावं, आणि त्यांच्या मधोमध आमचे आबा.

त्या संध्याकाळी ते मळवलीला न उतरता तसेच लोणावळ्याला आले. इरलं बाहेर निथळत ठेवलं आणि काय झालं ते सांगितलं. मी कागद पुन्हा वाचला. "आबा, चूक माझी आहे," मी म्हणालो. "मी उद्या कार्ल्याला येऊन लोकांना सांगतो." असं म्हणालो खरा, पण मला नोकरीची भीती होती. शिक्षकांनी कौन्सिलच्या भानगडीत पडू नये अशी शाळेच्या चालकांनी मला दोनदा ताकीद दिलेली, घरात पाळणा हललेला. आबा माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं दिसलं असणार. "सांगनारा सांगतो, मास्तर," ते म्हणाले. "दारातनं पाय माझं गेलं. तुमी शाळा सांबाळा." आणि माझ्या बायकोला हाक मारून त्यांनी चहा मागितला. मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. त्या वाटण्याची लाज मला आजही वाटते.

गावातले शहाणे म्हणाले, आबा, हे चित्र काढूच नका, इंग्रजी यादी वाचतंय कोण? सगुणाकाकींनी तर साफ सांगितलं, "ह्या हातानं मी न्हाई काढायची." मग आबांनीच गाय काढली. नांगराचा हात तो, गाय निघाली कुत्र्यासारखी. ओळख पटावी म्हणून त्यांनी तिला शिंगं लावली, तर शिंगांचं कुत्रं झालं. तिच्यापुढं त्यांनी गेरूचा ठसठशीत पट्टा ओढला. मी त्या बाजारच्या दिवशी मुद्दाम गेलो होतो, कोपऱ्यात उभा होतो. वरच्या रानातला धोंडीबा धनगर भिंतीशी आला, बराच वेळ बघत राहिला.

"आबा, ह्यो कुत्रा कशापायी?"

"गाय हाय ती. चराईच्या पट्टीचं हाय त्ये."

"आन पट्टा तर गेरूचा. म्हंजी पट्टी तुमीच वाढिवली व्हय?"

"व्हय. वाढवायची नव्हती, पन मत तिकडं दिलं ग्येलं. माझी चूक."

धोंडीबाने मुंडाशाचा शेव सोडला, तोंड पुसलं. "बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला, "पट्टी घ्यायला येनारा कंदी सांगत न्हाई, कुनी वाढिवली ती." एवढं बोलून तो मेंढरांमागं गेला. आणि मी, ज्याच्या चुकीने ती गाय भिंतीवर आली होती, तो कोपऱ्यातून पुढं आलो नाही.

पुढच्या निवडणुकीत विरुद्ध उमेदवाराने ‘चराईवाले आबा’ हे नाव गावोगाव पोचवलं. आबा पडले. पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. हाडाचे मात्र कौन्सिलवालेच. नव्या सभासदाच्या मतांचे छापील अहवाल ते मागवायचे, माझ्याकडून वाचून घ्यायचे आणि त्याच भिंतीवर पुढची ओळ सुरू. काकींची चित्रं, आणि चित्रांपुढं बहुतेक मोकळीच जागा. नवे सभासद एकदा स्वतः ओटीवर येऊन रागावून गेले. आबांनी त्यांना ताक पाजलं आणि म्हणाले, "हजर ऱ्हावा, लगीच पट्टा वढतो."

आणि तेव्हापासूनच ती सवय लागली. आबा टांग्यातून उतरले की माझ्या उंबऱ्यावर थांबायचे, एक पाय उचलून, चेहरा गंभीर. "मास्तर, हे दार ‘हो’चं का ‘न्हाई’चं?" मी आतून ओरडायचो, "‘हो’चं आहे, आबा, या!" मग ते आत यायचे आणि टांग्यात बसलेले इब्राहिमभाई मोठ्यानं हसायचे. वीस वर्षं ही एकच थट्टा. माझ्या मुलांना ती पाठ झाली होती. पहिल्या काही वर्षांत ती मला टोचायची. टोमणा नाही, हे कळायला मला फार वेळ लागला. चूक झाली तरी मी अजून तुमच्या सांगण्यावरच आत येतो, एवढंच ते म्हणत असत.

ताप उतरल्यावर, आबांना जाऊन बारा-तेरा दिवस झाल्यावर, मी कार्ल्याला गेलो. ओटीवर आबांचं इरलं खुंटीला तसंच होतं. दर दिवाळीला चुना देताना जुनी चित्रं पुसली जात, ती गाय मात्र कडेकडेनं चुना देऊन राखलेली. गेरू फिकट झाला आहे, पण गाय अजून कुत्र्यासारखीच दिसते. आज मी त्याच शाळेचा मुख्याध्यापक आहे. ताकीद देणारे चालक केव्हाच गेले. ज्यांना मी इतका भ्यालो, त्यांची नावंही आता शाळेत कुणाला आठवत नाहीत. म्हणून आता छापून सांगतो: त्या दिवशी चराईच्या पट्टीला आबांनी दिलेलं मत माझ्या अज्ञानाने दिलं गेलं. आबांचं नाव त्या यादीत मी घातलं.

हेच मी त्या दिवशी काकींना सांगायला गेलो होतो. त्या आत सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. मी उंबऱ्याबाहेरूनच बोलायला लागलो, कारण आत पाऊल टाकायचा धीर होईना. "काकी, ती चूक आबांची नव्हती. कागद मी वाचला होता..."

"मला ठावं हाय," काकी म्हणाल्या. सूप थांबलं नाही. "घरी आल्या आल्या सांगितलं त्यांनी. आन शपत घातली, मला ठावं हाय ह्ये मास्तरला कळू द्यायचं न्हाई म्हनून. न्हाईतर त्यो यायचा बंद व्हईल म्हनले."

मी तसाच उंबऱ्याबाहेर उभा होतो, एक हात चौकटीवर, आतल्या अंधारात काकींचं सूप तेवढं दिसत होतं. मग ते सूप त्यांनी खाली ठेवलं.

"तितं काय हुबं ऱ्हायलात, मास्तर?" त्या म्हणाल्या. "‘हो’चं दार हाय ह्ये. या."

मी आत गेलो.