धपाट्यांचा डबा

ग्रीसमधल्या एका अर्थशास्त्रज्ञाच्या मंत्रिपदाबद्दल वाचत होतो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून धपाट्यांचा वास आला आणि बिरादार सर आठवले.

देगलूरच्या कॉलेजात आम्ही दोघं अर्थशास्त्र शिकवायचो. ते मंत्री झाले, मी तिथंच राहिलो. गावातल्या सत्कारानंतर एका डाळमिलवाल्यानं फडक्यात बांधलेला डबा त्यांच्या गाडीत ठेवला.

"काय हाय हो शेठ त्यात?" मी विचारलं.

"घरचंच हाय मास्तर. तुमाला बी पायजे का?" तो हसला.

ते हसणं मला खटकलं. गाडी गेल्यावर पेपरवाल्यांना मी एवढंच म्हणालो, "डबा लई जड होता." बाकीचं त्यांनी लिहिलं. महिन्याभरात सरांचं मंत्रिपद गेलं.

आज कबूल करतो. गाडीजवळ उभा असताना तिळालसणाचा हाच वास मला आला होता.