दादाच्या वहीतलं माझं अक्षर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलींना नाही. आमच्याकडे चार माणसं जमली की गोष्टी सांगायचं काम माझंच — मामाचं धोतर, आत्याची मांजर, सगळं तिखटमीठ लावून सांगतो. ही मात्र दरवेळी गाळतो. तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही.

मी मुळात संशयी माणूस. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघणारा. शेजारणीने उसनी साखर वेळेवर परत आणली, तर यामागे काय असेल म्हणून तासभर विचार करणारा. बायको म्हणते, "तुम्हाला देव भेटला तरी रेशनकार्ड मागाल." मागेन. त्यात काय?

तर — माझा थोरला भाऊ, दादा. जन्मापासून मतिमंद. वय चाळिशीचं, समज सहा-सात वर्षांच्या पोराची. आई होती तोवर तिने सांभाळलं. ऐंशी सालानंतर ती गेली, आणि घाटकोपरच्या दोन खोल्यांत मी, बायको, दोन मुली आणि दादा असे उरलो. तेव्हा कुणीतरी मुलुंडचं ते घर सांगितलं.

बैठा बंगला. दादासारखे सात पुरुष, दोन मदतनीस आणि सगळं बघणाऱ्या नलूताई. तिथे घंटा नव्हती, एकसारखे कपडे नव्हते. प्रत्येकाची एक वही मात्र होती, खिळ्याला टांगलेली, पेन सुतळीने बांधलेलं. त्या माणसाला काय आवडतं, तो कशाला भितो, आंघोळ सकाळी करतो की संध्याकाळी — त्याने सांगायचं, राहिलेलं घरच्यांनी लिहायचं. वहीत असेल तसं त्याच्याशी वागायचं. आणि वहीत कुणी काही लिहिलं तर ते त्या माणसाला वाचून दाखवायचं, हा नलूताईंचा नेम.

मला ही बाई पहिल्या मिनिटापासून खटकली. अशा माणसांना कोण विचारतं, बाबा रे, तू आंघोळ कधी करणार? आम्ही तर घरी कधी विचारलं नव्हतं. काहीतरी पाणी मुरत असणार.

म्हणून मी न सांगता जायचो. एकदा तर बंगल्याच्या मागून, शेवग्याच्या झाडाआडून खिडकीत डोकावलो. आत सातही जण बुधवारी सुका बांगडा करायचा की अंडी, यावर हात वर करत होते. त्यातला दिनकर खिडकीशी आला आणि मला म्हणाला, "काका, दरवाजा पुढे आहे." सगळे हसले. दादा सगळ्यात मोठ्याने. मी मात्र मनात म्हटलं, मी येणार हे कळलं असेल, म्हणून हा देखावा.

मग एक दिवस दादाची बोटं भाजलेली दिसली. सापडलं! मी नलूताईंवर चढलोच. त्या शांतपणे म्हणाल्या, "चारचा चहा तेच करतात सगळ्यांचा. पहिल्या दिवशी भाजलं. मी म्हटलं, राहू दे. ते म्हणाले, उद्या पण मीच. आता मी कोण नको म्हणणार?" घरी आम्ही त्याला स्टोव्हजवळ फिरकू दिलं नव्हतं. त्या दिवशीचा चहा चांगला होता. हे मी घरी सांगितलं नाही.

मी इकडचं तिकडचंच बोलतोय, नाही? सांगतो.

वहीत एक पान माझ्या अक्षरातलं होतं. दादाला पोचवायला गेलो, त्या दिवशी लिहिलेलं. "घरी जायला आवडतं का?" याखाली मी लिहिलं — नाही. घरी बिथरतो. अंगावर धावून येतो, मारतो.

दादाने जन्मात कुणाला मारलं नव्हतं. ढेकूण मारायलासुद्धा तो आईला हाक मारायचा. मग मी का लिहिलं? नवा टीव्ही आला होता. रविवारी पाय लांब करून बघायला मिळावा, दर सणाला त्याला आणा-पोचवा नको. बस्स, एवढंच. मोठं कारण असतं तर तेवढीच लाज कमी वाटली असती.

पण दादा दर रविवारी पिशवी भरून बाकावर बसू लागला. दोन शर्ट, कंगवा. नलूताईंनी मला बाजूला घेतलं. "धाकल्याकडे जायचं म्हणतात. वहीत काही चुकलंय का? बदलू या?"

तेव्हा सगळं मिटलं असतं. मी काय केलं? कपाळावरचे केस मागे सारले आणि खोक दाखवली. म्हटलं, "हे त्याचंच काम."

ती खोक मी आठ वर्षांचा असताना पाण्याच्या टाकीवरून पडलो तेव्हाची. दादा बारा वर्षांचा. मला खांद्यावर टाकून तो धावला. दवाखाना कुठे ते त्याला माहीत नव्हतं. तो प्रत्येक दुकानासमोर मला घेऊन उभा राहिला, कुणीतरी बोट दाखवेपर्यंत.

मी त्या बाईवर इतका संशय घेतला. तिने माझ्या एकाही शब्दावर घेतला नाही.

पुढच्या वेळी गेलो तर पिशवी नव्हती. दादा बाकावर बसलेला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. माझ्या डोक्यात लगेच — हातांवर मारलं असणार! मी हात ओढून काढले, उलटसुलट पाहिले. काही नाही. त्याने ते परत मांड्यांखाली घातले.

"हे काय शिकवलंत त्याला?"

"तुमचं पान पुन्हा वाचून दाखवलं, खोकेचंही सांगितलं," म्हणत नलूताईंनी वही काढून दिली. माझ्या पानासमोरच्या पानावर, दादाने सांगितलेलं, त्यांच्या अक्षरात: "मी धाकल्याला मारतो. मला आठवत नाही. पण धाकल्या शाळेत गेलाय, त्याला ठाऊक. तो आला की मी हात मांडीखाली ठेवतो. मग त्याला लागत नाही."

पेन वहीलाच बांधलेलं होतं. एक ओळ खोडायला कितीसा वेळ लागतो? मी वही परत दिली. "बरंय," म्हणालो.

त्यानंतर दादा सहा वर्षं होता. मी जायचो. चार वाजता तो माझा कप आणायचा, जमिनीवर ठेवायचा, दोन पावलं मागे सरायचा आणि परत हातांवर बसायचा. मी चहा प्यायचो.

वही आता माझ्या कपाटात आहे. माझं पान अजून तसंच आहे. खोडलं, तरी वाचून कुणाला दाखवणार?