नव्या पाकिटाला झालेला उशीर

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी बेळगावात प्राथमिक शिक्षकाच्या अभ्यासक्रमाला जात होते. सकाळी काकतीहून बस धरायची, दुपार कलली की परत. मुलगी चालायला लागली होती, ती दिवसभर सासूबाईंजवळ असायची. त्यांना मी आत्ती म्हणायची. मुलीच्या बाळंतपणात रक्त फार गेलं होतं आणि अभ्यासक्रम अर्धवट सुटला होता. पुन्हा तसं झालं असतं तर मास्तरीण होणं कायमचंच राहिलं असतं.

नवरा फौंड्रीत कामाला. त्यानंच मला लेडी डॉक्टरकडं नेलं. आत्तींना सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. आणीबाणी संपून फार काळ लोटला नव्हता आणि गोळी म्हटलं तरी लोकांना नसबंदी आठवायची.

डॉक्टरीणबाई घरच्या कन्नड, मराठी जपून बोलायच्या. त्यांनी माझा रक्तदाब बघितला. अर्धशिशी आहे का, कधी पोटरी सुजली होती का, बाळ अजून अंगावर पितं का, असं सगळं विचारलं. "ह्या गोळीनं दूध कमी होतं, म्हणून विचारते," म्हणाल्या. मग पाकीट दाखवलं. तीन आठवड्यांच्या पांढऱ्या गोळ्या आणि शेवटच्या आठवड्याच्या तपकिरी. पांढरीत दोन द्रव्यं होती, बाईच्या अंगात असतात तसलीच. ती रोज पोटात गेली की बीज पिकून बाहेर पडत नाही. तपकिरीत नुसतं लोह, त्या आठवड्यात पाळी येते.

"पाकीट संपलं की दुसऱ्या दिवशी नवं. तिथं उशीर नको."

उशीर नेमका तिथंच झाला. भावाच्या लग्नाला आम्ही गुंजीला गेलो आणि नवं पाकीट काकतीला लुगड्यांच्या घडीत राहिलं. लग्नाला माझा नवराही बरोबर होता, रात्री आम्ही एकत्रच होतो. तीन दिवसांनी परत आल्यावर मी घाईघाईनं पांढरी गोळी घेतली, पण मन ठिकाणावर राहिलं नाही.

चार-पाच दिवसांत सकाळी मळमळायला लागलं. एकदा मोरीत ओकारी आली आणि आत्ती मागं उभ्या.

"पोटात हाय व्हय गं?"

"न्हाय आत्ती, पित्त झालंय."

त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात कैरीची फोड होती. शेजारणीलाही कुणकुण लागली. वर्गात फळ्याकडं बघता बघता मी मनात दिवस मोजायची. रोज गोळी घेताना वाटायचं, आत खरंच काही असलं आणि ह्या गोळीनं त्याला इजा झाली तर? आणि न घ्यावी, तर? नवऱ्याला विचारलं तर म्हणायचा, डॉक्टरीणबाईंनाच विचार.

शेवटी कॉलेज बुडवून एकटीच डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्या रागावल्या नाहीत.

"तपकिरी गोळ्यांचा आठवडाभर खंड असतोच. त्यात आणखी दिवस गेले की बीज पिकायला सवड मिळते. आठवलं की लगेच गोळी सुरू करायची आणि पुढचे सात दिवस निरोध वापरायचा. वापरला?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"मळमळ गोळीनंही होते. उपाशीपोटी घेऊ नको, जेवून घे. गर्भ असला तरी ही गोळी तो पाडत नाही. आता तपकिरी गोळ्यांपर्यंत थांब."

ते थांबणं फार जड गेलं. जेवून गोळी घेतल्यावर मळमळ कमी झाली, पण आत्तींचं मला जड घागर उचलू न देणं चालूच होतं. तपकिरी गोळ्यांच्या आठवड्यात थोडंसं डागलं, एवढंच. मला वाटलं, ही पाळी नव्हेच. लघवी तपासायला दिली आणि निकाल येईपर्यंत दवाखान्याच्या बाकावर पदर पिळत बसले. गर्भ नव्हता. गोळीनं गर्भपिशवीचं अस्तर पातळ राहतं, म्हणून पाळी कमी येते, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

घरी येऊन मी आत्तींना सगळं सांगितलं. त्या चूल सारवत होत्या. हात थांबला.

"म्हंजे आता कधीच न्हाय?"

"तसं न्हाय. गोळी बंद केली की पुन्हा दिवस राहत्यात."

"बघू," एवढंच म्हणाल्या. मग बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. कैरी ताटातून गेली.

मी पास झाले, हिंडलग्याच्या बाजूला शाळा मिळाली. दोन वर्षांनी गोळी बंद केली. तीन महिने काहीच नाही. त्या महिन्यांत आत्ती मला काही विचारत नव्हत्या, पण मी न्हाणीतून बाहेर आले की माझ्या तोंडाकडं बघायच्या, आणि मला वाटायचं, त्यांचं 'कधीच न्हाय' खरं ठरतंय की काय. चौथ्या महिन्यात पाळी चुकली. मी त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "आधी डॉक्टरीणबाईला दावून ये. मग सांग."