शालूने रिकामी केलेली दुपार

शालू गेल्याचा फोन आला तेव्हा मी आषाढ तळायचा म्हणून चकलीचा सोऱ्या शोधत होते. सोरे घरात तीन आहेत. एकाची चकती हरवलेली, दुसऱ्याचा दट्ट्या भलत्याच कुठल्या सोऱ्याचा, आणि तिसरा चांगला, पण तो सापडत नव्हता. फोनवर तिची मुलगी मंगल होती. "काकी, आई गेली. सकाळी चाय घेतल्यान, कप धुवन पालथो घातल्यान आनि आडवी झाली, ती झालीच..." मी एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात बिनचकतीचा सोऱ्या धरून उभी राहिले. रडू यायच्या आधी माझ्या मनात काय आलं ते सांगितलं तर लोक मला नावं ठेवतील, पण ह्या वयात आता आणखी किती ठेवणार? मनात आलं, बघा, जातानासुद्धा बाईने मागे खरकटा कप ठेवला नाही.

तेराव्यानंतर मंगलने मला शालूचं सामान आवरायला बोलावलं. मी दोन दिवस राहायच्या तयारीने गेले. अर्ध्या दिवसात काम संपलं. सहा लुगडी, दोन चादरी, चष्मा, देवाची चार भांडी, आणि एका डब्यात बटणं, सुई, दोरा. संपलं. मंगल म्हणाली, बघ ना काकी, काहीच नाही गं. मी होकार दिला आणि आतल्या आत जळले. माझ्या मागे माझ्या सुना निदान एक पावसाळा तरी पुसत, झाडत आणि मला शिव्या घालत बसणार आहेत, हे मला आजच दिसतंय.

आम्ही दोघी जावा. मी थोरली, ती धाकटी. घर तोंडवलीला, मागे खाडी आणि पुढे समुद्र. मी एक्कावन्न साली त्या घरात आले आणि ती पंचावन्न साली, कसालकडच्या एका भातशेतीवाल्या घरातून, एक ट्रंक घेऊन. आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही आये म्हणायचो, काही म्हणजे काही टाकत नसत. माळ्यावर फुटक्या बरण्या, काच नसलेले कंदील, सुंभाची भेंडोळी, कान तुटलेले टोप, कुणाच्या तरी बारशाचा पाळणा. आणि मी त्यांची शिष्या. नव्या सुनेचा गौरीपुढे पहिला ओवसा असतो. माहेरून आलेली नवी सुपं फळांनी, भाज्यांनी भरून गौरीला ओवाळायची, मग घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे धरायची. माझ्या ओवशाला अकरा सुपं होती, आणि मी ती अकरा सुपं चार वर्षं सगळ्या वाडीला ऐकवत होते. शालूच्या ओवशाला पाच आली. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर ती पाचही सुपं तिने शेजारणींना वाटून टाकलेली. पुढे भात पाखडायच्या दिवसांत त्या बायका सुपं आपटताना "शालूचा सूप, शालूचा सूप" करत बसायच्या. माझी अकरा माळ्यावर होती. त्यात उंदरांनी संसार थाटला होता.

आता माझं खरं दुखणं सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल म्हातारी सुपांवरून रडतेय. माझे यजमान मुंबईला गोदीच्या कचेरीत होते. शालूचा नवरा, म्हणजे माझा धाकटा दीर, मालवणला शाळेत मास्तर. तो रोज संध्याकाळी तरीची होडी धरून घरी यायचा. छत्री कोपऱ्यात ठेवायचा, पाय धुवायचा आणि शालूच्या हातचा चहा प्यायचा. माझे हे वर्षातून एकदा यायचे, चतुर्थीला. पावसाळ्यात बोट बंद, म्हणून कोल्हापूरपर्यंत रेल्वे, तिथून एसटीने घाट उतरून कसाल, मग मालवण. येऊन पोचेपर्यंत माणूस अर्धा झालेला असायचा. आणि राहायचे किती, तर आठ दिवस.

त्या आठ दिवसांत मी कुठे असायचे? चुलीपुढे. मोदक, पातोळे, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खतखतं, करंज्या, घावने, खापरोळ्या, भजनाला येणाऱ्यांची उसळ... आमच्या घराण्यात एकवीस पदार्थ होतात, असं मी ताठ मानेने सांगायचे. ह्यांना पंक्तीत वाढताना माझा हात दिसायचा, तेवढीच आमची भेट. मला वाटायचं, एकवीस पदार्थ खाऊन हा माणूस वर्षभर मुंबईत माझी आठवण काढील. आठवण बहुतेक त्यांचं पोट काढत असणार.

शालूने पहिलं वर्ष नुसतं बघितलं. हे मुंबईला परत गेले त्या दिवशी भांडी घासताना तिने मला विचारलं, "वैनी, भावजी आठ दिस होते. तुमी त्येंच्यावांगडा बसान बोललात कधी?" ह्यांच्यासोबत बसून बोलणं? माझ्या हातातली परात थांबली. मी म्हटलं, "तुझो घोव रोज सांजचो घराक येता, म्हणान तुका ह्यो गजाली सुचतत." तिने माझ्यापुढची उरलेली भांडी आपल्याकडे ओढली आणि घासून टाकली. त्याचाही मला राग आला. भांडी माझी होती.

पुढे तीन वर्षांनी श्रावणात तिने आयेपुढे विषय काढला, की पदार्थ पाच करूया आणि माळा रिकामा करूया. मोठी भांडी वाडीच्या देवळात ठेवूया, ज्याच्याकडे कार्य असेल त्याने न्यावी, धुवून परत ठेवावी. मी पदर खोचला. एकविसाचा नेम मोडला तर देव काय म्हणेल, पूर्वज काय म्हणतील, सगळं बोलून घेतलं. आये सुपारी कातरत ऐकत होत्या. मला खात्री होती, आता शालूला चांगला प्रसाद मिळणार. आये म्हणाल्या, "नेम खंयचो गो? खापरोळी माज्या नणंदेन सुरू केल्यान. ती गेली सासराक, खापरोळी रवली हंय." मग एकेका पदार्थाचा जन्म निघाला. करंज्या कुणा पाहुण्याला आवडायच्या म्हणून. घावने दात नसलेल्या आजेसासूबाईंसाठी. त्या जाऊन तीस वर्षं झाली होती, आणि त्यांच्या दातांपायी मी दरवर्षी तव्यापुढे भाजत होते. जी आली तिने एक पदार्थ वाढवला, काढला कुणीच नाही.

माळा दोन दिवसांत उतरला. मी रडले, जेवले नाही, सगळं केलं. आणि एक कामही गुपचूप केलं. खापरोळीचं मातीचं खापर, एक मोठा टोप आणि माझी अकरापैकी उंदरांनी सोडलेली दोन सुपं मी परसामागच्या मांगरात, म्हणजे गवत ठेवायच्या खोपटात, भाऱ्यांमागे लपवून ठेवली. घरातली थोरली सून आपलीच भांडी चोरतेय, असं दृश्य कुणी बघितलं नाही म्हणून बरं.

त्या वर्षी हे आले, आणि चतुर्थीच्या तिसऱ्या दिवशी दुपारी बारालाच स्वयंपाकघर आवरलं. शालूने चूल सारवूनसुद्धा ठेवली. मला आता काय करावं ते सुचेना. हात नुसते लोंबायला लागले. माझी जागाच कुणीतरी पुसून टाकल्यासारखं वाटलं. बेत मात्र माझा आधीच ठरला होता, ह्यांना संध्याकाळी नारळाच्या गोड रसात बुडवलेल्या जाळीदार खापरोळ्या वाढायच्या आणि सगळ्यांसमोर विचारायचं, बऱ्या झाल्यात ना? पीठ मी आदल्या दिवशीच भिजवलं होतं, कारण कारस्थानात मी कधी कमी पडले नाही. मी मांगरात गेले, तीन दगडांची चूल मांडली आणि धुरात बसले.

मांगराच्या कुडाच्या फटीतून, घराच्या कडेने आमचं खळं, म्हणजे पुढचं अंगण, दिसायचं. थोड्या वेळाने बघते तर खळ्यात खुर्ची, खुर्चीत आमचे हे, इस्त्रीचा पांढरा सदरा, वर कोट. आणि उंबऱ्यावर शालू. त्या काळी धाकट्या सुनेने थोरल्या दिरासमोर मान वर करायची नाही, आणि ही त्यांच्याशी बोलत होती. तेही हसत होते. मोठ्याने. मला सात वर्षांत एवढं हसू मिळालं नव्हतं... मध्येच शालू उठून परसात आली, तिने "वैनी, ओ वैनी" अशा तीन हाका मारल्या. मी ऐकल्या. मी खापरावर पीठ ओतलं आणि तोंड फिरवलं. म्हटलं, हाक मारू दे. रोजचा नवरा तिचा, आता आठ दिवसांचाही तिलाच हवा. धुराने डोळ्यांना पाणी येत होतं, असं मी स्वतःला सांगितलं. पन्नास-साठ खापरोळ्या झाल्या असतील, कारण थांबले असते तर बघावं लागलं असतं.

दिवेलागणीला टोपली डोक्यावर घेऊन, तोंडाला काळं लावून मी खळ्यात आले. नारळाचा रस तोवर नासला होता. हे खुर्चीतच झोपले होते, कोट अंगात. आये म्हणाल्या, "खंय होतंस गो? तो तुझी वाट बघून दमलो." ह्यांनी श्रावणातच मुंबईहून धाकट्या भावाला, म्हणजे मास्तरांना, पत्र लिहिलं होतं. मालवणला एका फोटोवाल्याकडे दुपारची वेळ ठरवली होती, आमच्या दोघांचा फोटो काढायचा म्हणून. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि फोटो एकही नव्हता. दुपार रिकामी करायचं काम शालूकडे होतं. मला आधी सांगितलं असतं तर मी एकवीस पदार्थांचं निमित्त करून नाही म्हटलं असतं, हे तिने ओळखलं होतं. फोटोवाला सूर्याच्या उजेडावर काम करणारा, होडी भरतीवर चालणारी. दोन्ही मला सोडून गेली होती.

मला वाटलं, आता शालू बोलणार. तिने टोपलीतली एक खापरोळी उचलली, रसाशिवाय कोरडीच खाल्ली, आणि एवढंच म्हणाली, "बरी झाली हा, वैनी." मी तिच्या अंगावर धावून गेले नाही, इतकाच माझा मोठेपणा. त्या बाईने मला भांडायलासुद्धा काही ठेवलं नाही.

फोटो पुढे कधी निघाला नाही. पण त्यानंतर हे आणखी तीन चतुर्थींना आले. त्या तिन्ही वर्षी बाराला मी चुलीवर पाणी मारलं आणि आम्ही दोघं सुरूच्या बनातून किनाऱ्यावर जाऊन बसलो. पहिल्या वर्षी मी वाळूतल्या शिंपल्या गोळा करून ओच्यात भरल्या. ते म्हणाले, हे पण माळ्यावर नेणार का? मग मी हिंमत करून विचारलं, त्या दिवशी शालूशी एवढं काय हसत होता? तर म्हणाले, तुझ्याच गजाली सांगत होतो. ती विचारत होती, वैनी लग्नात कशी होती... बासष्ट साली ते मुंबईतच गेले. मला तार आली. त्यांच्याबरोबरचं माझं जे काही बोलणं आहे ते त्या तीन दुपारींचं आहे, आणि त्या दुपारी मला शालूने दिल्या. हे मी तिला कधी सांगितलं नाही. गेल्या मार्गशीर्षात भेटलो तेव्हा जिभेवर आलं होतं. पण तिच्या त्या स्वच्छ, मोकळ्या खोलीकडे बघून माझं डोकं असं फिरलं, की मी पडद्यांना नावं ठेवून परत आले.

ह्यांच्यानंतर पहिली चतुर्थी आली तेव्हा तिसऱ्या दिवशी दुपारी मी खळ्याच्या पायरीवर एकटी बसले होते. शालू आली आणि शेजारी बसली. तिचा नवरा आत होता, सुट्टीवर होता, तिने त्याला झोपायला सांगितलं होतं. त्यानंतर ती दरवर्षी त्या दुपारी येऊन बसायची. पुढे मालवणला घर केल्यावरही आली, गुडघे गेल्यावर रिक्षाने आली. काही बोलायची नाही. दोन्ही तळवे मांडीवर उताणे टाकायची आणि समुद्राकडे बघायची. माझ्या हातात मात्र काहीतरी असायचंच, वालाच्या शेंगा नाहीतर वातींचा कापूस. तिने कधी मला ते ठेव म्हटलं नाही, आणि कधी मदतही केली नाही. चार वाजले की उठायची.

यंदा घरात दुःख, म्हणून गणपती साधाच आणला. तिसऱ्या दिवशी सुनांनी बाराला आवरलं. मी शेंगांची परडी घेऊन पायरीवर बसले. दोन शेंगा सोलल्या आणि परडी खाली ठेवली. तळवे उताणे करून मांडीवर ठेवले. मग खाजवलं, पदर सारखा केला, एक मुंगी झटकली, पुन्हा ठेवले. समोर समुद्र होता. माझी बाजू ऊन येऊन तापली होती, तरी मी शालूच्या जागेवर सरकले नाही... तिला चार वाजेपर्यंत जमायचं. मी आतल्या घड्याळात बघितलं तर वीस मिनिटं झाली होती. तिथेही ती पुढेच. पण मी अजून आहे, आणि पुढच्या चतुर्थीपर्यंत रोज बसून बघणार आहे.